तळटीप १४ : ‘स्टुडिओने घडवलेली तारका’
१४. ऑलिव्हिया द हॅविलंडविषयीचा हा शेरा अर्धाच खरा आहे. वॉर्नर ब्रदर्सने तिला सात वर्षांच्या करारावर घेतले, एरल फ्लिनबरोबरच्या साहसपटांतून नावारूपाला आणले, हे मान्यच. पण नटाने भूमिका नाकारली की निलंबनाचा काळ कराराच्या मुदतीत वाढवला जाई. त्याविरुद्ध ती न्यायालयात गेली आणि १९४४ साली जिंकली. पुढे पॅरामाउंटसाठी केलेल्या ‘टू ईच हिज ओन’ (१९४६) आणि ‘द एअरेस’ (१९४९) या चित्रपटांनी तिला दोन ऑस्कर मिळवून दिले. यावर कोणी म्हणेल, श्रेय विल्यम वायलरसारख्या दिग्दर्शकाचे. ते आहेच, तरी ‘द एअरेस’मधले जिना चढण्याचे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. प्रियकर येत नाही तेव्हा तिने साकारलेली नायिका कॅथरीन सामान ओढत, खचून वर जाते; शेवटी तोच दार बडवत असताना ती हाती दिवा घेऊन, मान ताठ ठेवून चढते. दोन्ही वेळा तिच्या तोंडी शब्द नाही. मधल्या वर्षांचा सगळा हिशेब तिच्या चालीत आणि चेहऱ्यावर उतरतो. प्रकाशयोजना आणि प्रसिद्धी स्टुडिओ पुरवू शकतो. ही समज अभिनेत्रीनेच कमवावी लागते.