पत्त्यासकट छापलेली पत्रं

एप्रिल १९२६मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'अमेझिंग स्टोरीज' नावाचं नवं मासिक निघालं. किंमत २५ सेंट, पानं ९६ आणि आकार त्या काळच्या स्वस्त कथामासिकांपेक्षा ऐसपैस. मुखपृष्ठावर फ्रँक पॉल या चित्रकाराने बर्फावर घसरत खेळणारी माणसं आणि त्यांच्या मागे आभाळ व्यापून उरलेला, कडी असलेला ग्रह रंगवला होता. आत मात्र एकही नवी कथा नव्हती. ज्यूल व्हर्न, एच. जी. वेल्स, एडगर अ‍ॅलन पो आणि आणखी तिघे, सगळे आधी कुठे ना कुठे छापून आलेले. तरी निव्वळ विज्ञानकथेला वाहिलेलं इंग्रजीतलं पहिलं मासिक हेच.

संपादक ह्यूगो गर्न्सबॅक मूळचा लक्झेंबर्गचा. १९०४मध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, तो अमेरिकेत आला आणि टपालाने रेडिओचे सुटे भाग विकू लागला. त्याच धंद्यातून १९०८मध्ये 'मॉडर्न इलेक्ट्रिक्स' हे मासिक निघालं आणि १९११मध्ये त्याने त्यात स्वतःचीच भविष्यकाळातली कादंबरी क्रमशः छापली. त्याचा वाचक होता घरच्या घरी रेडिओ जोडणारा, प्रयोगात रमणारा तरुण. असा वाचक नुसती गोष्ट वाचून गप्प बसत नाही. लेखकाचं गणित चुकलं, की तो संपादकाला पत्र लिहितो.

गर्न्सबॅकने या पत्रांसाठी 'अमेझिंग'मध्ये 'डिस्कशन्स' हे सदर सुरू केलं आणि पत्रलेखकांची नावं संपूर्ण पत्त्यांसह छापली. विज्ञानकथेच्या चाहत्यांची कुळकथा खऱ्या अर्थाने इथून सुरू होते. आपल्या गावात हे वाचणारा आपण एकटेच, असं वाटणाऱ्या पोरांना शिकागो, ब्रुकलिन, लॉस एंजेलिसमधल्या समानधर्मी पोरांचे पत्ते घरबसल्या मिळाले. ती संपादकाला वगळून थेट एकमेकांना लिहू लागली. पत्रांतून मंडळं झाली आणि त्यांपैकी एका मंडळाने, सायन्स करस्पॉन्डन्स क्लबने, मे १९३०मध्ये 'द कॉमेट' काढलं. चाहत्यांनी चाहत्यांसाठी काढलेलं पहिलं नियतकालिक म्हणून त्याचं नाव घेतात. त्याचा संपादक होता रे पामर.

अशा अंकांचं पुढे पेवच फुटलं. पैसे नसत, छापखाना परवडत नसे. मग सायक्लोस्टाइल, आणि तेही नसेल तर हेक्टोग्राफ. जिलेटिन आणि ग्लिसरीन गरम करून उथळ ताटलीत ओतायचं आणि घट्ट होऊ द्यायचं. खास जांभळ्या शाईने लिहिलेला कागद त्यावर पालथा दाबून काही मिनिटांनी सोलून काढायचा. शाई त्या थरात उतरते. मग एकेक कोरा कागद त्यावर दाबायचा आणि उचलायचा. पहिल्या प्रती झळझळीत, पुढच्या फिकट होत जाणाऱ्या. पन्नासेक प्रतींनंतर अक्षर लागत नसे. हात मात्र जांभळे राहत. हा खटाटोप वाया गेला नाही. क्लीव्हलंडच्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन शाळकरी मुलांनी अशाच घरगुती अंकात १९३३मध्ये सुपरमॅन नावाचं पात्र आणलं. तो सुपरमॅन खलनायक होता. जगाला ठाऊक असलेला नायक त्यांनी त्यानंतर घडवला.

दरम्यान गर्न्सबॅकचं 'अमेझिंग' १९२९च्या दिवाळखोरीत हातचं गेलं होतं. त्याने लगेच नवी मासिकं काढली आणि १९३४मध्ये 'सायन्स फिक्शन लीग' स्थापून गावोगावच्या चाहत्यांना एका छत्राखाली आणलं. पण लेखकांचं मानधन थकवण्याची त्याची खोड जुनीच होती. डोनाल्ड वॉलहाइम या तरुण चाहत्याची कथा छापून आली, पैसे आले नाहीत. त्याने तसेच बुडालेले इतर लेखक गाठले, वकील केला आणि तडजोडीत पैसे वसूल केले. त्यानंतर लीगमधून त्याचीच हकालपट्टी झाली! लेखकाने घामाचे पैसे मागणं हा गुन्हा ठरवणाऱ्या संपादकाचं हे वागणं, त्याचं ऋण कितीही मोठं असलं, तरी समर्थनीय नाही.

पत्रांनी जुळलेली माणसं भेटायला निघणार हे उघडच होतं. जानेवारी १९३७मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सला झालेल्या छोट्या मेळाव्यात तरुण आर्थर क्लार्क होता. २ जुलै १९३९ला न्यूयॉर्कच्या कॅरव्हॅन हॉलमध्ये पहिलं जागतिक संमेलन भरलं. जग म्हणजे अमेरिकाच, कारण नाव त्याच वर्षी शहरात भरलेल्या जागतिक प्रदर्शनावरून घेतलेलं. सुमारे दोनशे जण जमले. सन्माननीय पाहुणा होता फ्रँक पॉल. लॉस एंजेलिसहून आलेला फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि त्याची मैत्रीण मर्टल डग्लस हे दोघे तिने शिवलेले भविष्यकाळातले पोशाख घालून वावरले. आज जगभर बोकाळलेल्या कॉस्प्लेचं मूळ अनेकजण या शिलाईत शोधतात. डग्लसचं नाव मात्र फार उशिरा घेतलं जाऊ लागलं.

दारात वेगळंच नाट्य चाललं होतं. वॉलहाइम, फ्रेडरिक पोल, सिरिल कॉर्नब्लूथ असे 'फ्युचरियन्स' या चाहत्यांच्या गटातले सहा जण आले, तर आयोजकांनी त्यांना आत सोडलं नाही. कारण गटबाजी, राजकीय मतभेद आणि गोंधळ घालतील ही धास्ती. त्याच गटाचा एकोणीस वर्षांचा आयझॅक असिमॉव्ह मात्र आत बसला.

त्याची पहिली छापील कथा मार्च १९३९च्या 'अमेझिंग'मध्ये आली होती. ती निवडणारा संपादक होता रे पामर, 'द कॉमेट'वालाच. बाहेर राहिलेला पोल वर्षभरातच, विशीच्या उंबरठ्यावर, दोन कथामासिकांचा संपादक झाला. वॉलहाइमने १९७१मध्ये स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. पत्रं लिहिणारेच पुढे पत्रं छापायच्या खुर्चीवर बसले.

१९५३च्या फिलाडेल्फिया संमेलनात वर्षातल्या उत्तम लेखनासाठी अग्निबाणाच्या आकाराचं मानचिन्ह दिलं गेलं. गर्न्सबॅकच्या नावावरून त्याला 'ह्यूगो' म्हणतात. परीक्षक मंडळ नसतं. संमेलनाचे सभासद मत देतात. १९५५पासून चाहत्यांच्या नियतकालिकांसाठीही ह्यूगो देऊ लागले. पहिला मान मिळाला 'फँटसी टाइम्स'ला. त्याच्या संपादकांपैकी एक, जेम्स टॉरासी, हा १९३९च्या त्या संमेलनाच्या तीन आयोजकांपैकी होता.