सुगी, खळं आणि कर्झन रोड

कॅनॉट प्लेसपासून इंडिया गेटकडे जाणाऱ्या कस्तुरबा गांधी मार्गाला दिल्लीतली जुनी माणसं अजूनही कर्झन रोड म्हणतात. गंमत म्हणजे दिल्लीला राजधानी न्यायला कर्झनचा विरोध होता आणि १९१२ साली हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये त्याने तो बोलूनही दाखवला. तरी नव्या राजधानीत त्याच्या नावाचा रस्ता झालाच. पुढे पाटी बदलली आणि व्हाइसरॉयच्या जागी कस्तुरबा आल्या. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्यात, आगाखान पॅलेसच्या स्थानबद्धतेत त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा गांधीजींनी कातलेल्या सुताचं लुगडं त्यांना नेसवलं होतं. हाताने केलेल्या वस्तूचं काय करायचं, याची दोन अगदी वेगळी उत्तरं या एका रस्त्याच्या दोन नावांमागे आहेत.

कर्झनचं उत्तर प्रदर्शनाचं होतं. एडवर्ड सातव्याच्या राज्यारोहणानिमित्त दिल्लीत दरबार भरला, त्याच्या दोन दिवस आधी, ३० डिसेंबर १९०२ रोजी त्याने कुदसिया बागेत भारतीय कलेचं प्रदर्शन उघडलं. जॉर्ज वॉट त्याचे संचालक आणि पर्सी ब्राउन साहाय्यक. युरोपीय किंवा युरोपची नक्कल करणारी वस्तू आत येता कामा नये, ही कर्झनची सक्त अट होती. संस्थानिकांनी उसन्या दिलेल्या वस्तूंचं दालन होतं, विक्रीचं होतं, आणि कारागीर प्रत्यक्ष काम करताना दिसतील अशीही सोय होती. वॉटने केलेली सूची आजही कामाची आहे. धातू, दगड, लाकूड, हस्तिदंत, कापड, भरतकाम अशी तिची मांडणी आहे, आणि जुन्या विणकामाचा एखादा शब्द अडला की अनुवादक म्हणून मीही तिच्याकडे वळते. पण सूचीचा विषय वस्तू हा आहे. ती घडवणाऱ्याच्या घरी धान्य कुठून येतं, हा नाही.

मराठीत मात्र कारागिरी आणि धान्य यांना वेगळं काढताच येत नाही. परवा एका मजकुरात ‘हार्वेस्ट क्राफ्ट फेअर’ असा शब्दप्रयोग आला आणि मी अडून बसले. ‘सुगीचा हस्तकला मेळा’ लिहायला सोपं, पण आपल्याकडे सुगीत कारागीर मेळ्यात जात नसे, खळ्यावर जाई. सुतार, लोहार, कुंभार, चांभार वर्षभर कुणब्याचं काम करत. नांगर सांधायचा, फाळ शेवटायचा, मोट शिवायची. त्याचा मोबदला मळणी झाली की खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळे. तेच बलुतं. त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ (१९१५) मध्ये ही व्यवस्था इतक्या बारकाईने लिहून ठेवली आहे की आजही तिच्यावर लिहिणाऱ्याला तिथूनच सुरुवात करावी लागते.

या व्यवस्थेबद्दल हळवं होण्याचं मला काही कारण दिसत नाही. खळ्यावर कोणाच्या पदरात किती पडायचं हे जातीने ठरे, आणि काम नाकारायची सोय नसे. १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात वतन कायदा दुरुस्तीचं विधेयक आणलं ते याच जोखडाविरुद्ध. दया पवारांच्या आत्मकथनाचं नाव ‘बलुतं’ (१९७८) आहे, आणि जेरी पिंटो यांनी २०१५ साली इंग्रजी अनुवाद केला तेव्हा तो शब्द तसाच ठेवला. बरं केलं. ‘हिस्सा’, ‘वाटा’ यांपैकी कशातही ती लाचारी उतरत नाही.

शिवाय पीकच बुडालं तर खळंही नाही आणि बलुतंही नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळाने मुंबई इलाखा होरपळून काढला, त्याला कुदसिया बागेच्या वेळी जेमतेम तीन वर्षं होत होती. देशी कारागिरीचा ऱ्हास स्वस्त विलायती मालाने झाला हे कर्झनने ओळखलं, आणि ते खरंही होतं. पण गावातल्या कारागिराला गिऱ्हाइकाच्या आवडीइतकाच पावसाचा लहरीपणाही मारत होता, आणि त्यावर प्रदर्शनाचा उपाय चालत नाही.

दुसरं उत्तर खानदेशात, फैजपूरला सापडतं. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन प्रथमच एका खेड्यात भरलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. शांतिनिकेतनहून आलेल्या नंदलाल बोस यांनी ‘टिळकनगर’ सजवलं ते आसपास मिळणाऱ्या बांबूसारख्या साहित्यातून. सोबत खादी आणि ग्रामोद्योगांचं प्रदर्शन होतं, त्याचं उद्घाटन गांधीजींनी केलं. कुदसिया बागेत पाहणारे पाहुणे होते. इथे पाहायला येणारे खेड्यातलेच होते. आणि याच अधिवेशनात शेतसारा, खंड, कर्ज यांबद्दलचा शेतीविषयक कार्यक्रम मंजूर झाला. चरखा आणि शेतसारा एकाच मांडवात आले, हे मला त्या बांबूच्या कमानींपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

आज दिल्लीत सुगी संपता संपता भरणारा मोठा मेळा म्हणजे प्रगती मैदानावरचा भारत आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा. १९८० पासूनचा, १४ ते २७ नोव्हेंबर. माझी बहीण दिल्लीत असते, त्यामुळे दिवाळीनंतरची माझी दिल्लीफेरी बहुधा त्याच दिवसांत पडते. कस्तुरबा गांधी मार्गावर २०१३ साली उघडलेल्या नव्या महाराष्ट्र सदनावरून आम्ही पुढे जातो, आणि भाची दरवर्षी विचारते, ‘मावशी, जुनं सदन असताना हे दुसरं कशाला?’ (जुनं कोपर्निकस मार्गावर आहे. तिला उत्तर देण्याचा नाद मी सोडला आहे.)

यंदा आम्ही महाराष्ट्राच्या दालनात कोल्हापुरी चपलांपाशी थांबलो. आदल्या जूनमध्ये, २०२५ साली, मिलानमध्ये प्राडाने तशाच चपला रॅम्पवर आणल्या होत्या, त्या कुठल्या याचा उल्लेख न करता. ओरड झाल्यावर कंपनीने भारतीय परंपरेचं ऋण मान्य केलं. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तेही महाराष्ट्र आणि कर्नाटकाचे चार-चार जिल्हे मिळून. चपलांचे प्रकारही कापशीसारख्या गावांच्या नावाने ओळखले जातात. गावाचं नाव टिकलं. करणाऱ्याचं नाव मात्र ना कुदसिया बागेतल्या वर्गीकरणाचा पाया होतं, ना मानांकनात बसतं.

भाचीने हिंदीत घासाघीस सुरू केली. स्टॉलवरच्या बाईंनी एक चप्पल उलटी करून तिच्या हातात दिली. चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं, वरची वेणी त्यांनी स्वतः घातलेली. ‘ताई, हिला सांगा,’ त्या मला मराठीत म्हणाल्या, ‘आजेसासऱ्यांना जोडामागं जोंधळं मिळायचं, ते पण वर्षानं, आणि ते पण पाटलाच्या मर्जीनं. मी पैशात मागती, आणि आजच मागती.’

भाचीला मी ते हिंदीत सांगितलं. जोंधळ्यासाठी ‘ज्वार’ म्हटलं, ‘मर्जी’ तशीच ठेवली. तिने सांगितली तेवढी रक्कम मोजली. बाईंनी चपला वर्तमानपत्रात गुंडाळल्या, पहिले आठ दिवस चावतील, तेल लावा, पावसात घालू नका, एवढं सांगून त्या पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.