पाटी बदलली, स्वयंपाकघर तेच

युद्ध सुरू झालं की बातमी येते, 'अमुक कंपनी देश सोडणार.' आपण वाचतो आणि पुढे जातो. पण कारखाना काही बॅगेत भरून नेता येत नाही. मग कंपनी जाते म्हणजे नेमकं काय जातं? आज रशियाची गोष्ट.

३१ जानेवारी १९९०. मॉस्कोच्या पुश्किन चौकात पहिलं मॅकडॉनल्ड्स उघडलं. पहिल्याच दिवशी ३० हजारांवर गिऱ्हाईक! सोव्हिएत संघ तेव्हा अजून शाबूत होता बरं का. कॅनडातल्या मॅकडॉनल्ड्सचे जॉर्ज कोहॉन यासाठी १४ वर्षं खेटे घालत होते. हवा तसा माल तिथे मिळेना, म्हणून कंपनीने मॉस्कोतच स्वतःचा प्रक्रिया कारखाना काढला. म्हणजे सगळी साखळीच स्थानिक केली.

आता थेट २०२२. २४ फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. ८ मार्चला मॅकडॉनल्ड्सने दुकानं तात्पुरती बंद करतोय म्हणून सांगितलं. १६ मे रोजी कायमचं निघायचं जाहीर केलं. तोवर सुमारे ८५० दुकानं आणि ६२ हजार कर्मचारी झाले होते. सगळं विकत घेतलं अलेक्झांडर गोवोर यांनी. ते आधीपासूनच सायबेरियात याच कंपनीची दुकानं चालवत होते. १२ जूनला पुश्किन चौकातलं दुकान नव्या नावाने उघडलं. त्या नावाचा अर्थ साधारण 'चविष्ट, विषय संपला!' कर्मचारी किमान दोन वर्षं ठेवायचे, ही सौद्यातली अट. पाटी बदलली, स्वयंपाकघर तेच.

त्याच १६ मे रोजी रेनॉनेही रशिया सोडला. लाडा गाड्या बनवणाऱ्या आव्तोवाझमधला हिस्सा गेला नाममात्र १ रूबलला! सहा वर्षांत परत विकत घ्यायची मुभा मात्र ठेवली. पुढे सरकारने दार आणखी अरुंद केलं: मालमत्ता निम्म्या किमतीत विका, वर सरकारी तिजोरीत 'ऐच्छिक' देणगी भरा. कार्ल्सबर्गने २०२३ मध्ये गिऱ्हाईक शोधलं, तर जुलैमध्ये तिची बाल्टिका कंपनीच सरकारने ताब्यात घेतली.

मग जाण्याचा काहीच परिणाम झाला नाही का? झाला, पण भलत्याच ठिकाणी. २०२२ च्या उन्हाळ्यात लाडा ग्रँटा एअरबॅग आणि एबीएसशिवाय बनू लागली, कारण सुटे भाग येईनात. उलट व्हिसा-मास्टरकार्ड थांबले, तरी देशातली कार्डं चालूच राहिली. २०१४ च्या निर्बंधांनंतर रशियाने देशांतर्गत व्यवहार स्वतःच्या यंत्रणेवर आणून ठेवले होते. बंद पडलं ते देशाबाहेर. इस्तंबूलमध्ये असो की गोव्यात, रशियन बँकेचं व्हिसा-मास्टरकार्ड चालेना. त्यात युद्धाला विरोध म्हणून देश सोडलेलेही आले.

आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर, लोगो म्हणजे नुसता फ्रंटएंड. खरी गोष्ट असते डिपेंडन्सी. कंपनी जितकी मातीत रुजलेली, तितकं तिचं जाणं कमी बोचतं. बर्गर शिकवून झाला होता, एअरबॅग नव्हती.

म्हणून पुढच्या वेळी अशी बातमी आली, की एवढंच विचारा: पाटी कुणाची गेली, हे ठीक. पण सुटा भाग कुठून यायचा? आणि त्याच्याविना गाडी चालवणार कोण?