एंजिन तेल व इंधनखप

मोटारीच्या एंजिनातील वंगणतेलाच्या दाटपणाचा तिच्या इंधनखपाशी असलेला संबंध. बोलीत ‘ऑइल आणि अ‍ॅव्हरेज’. श्यानतेनुसार तेलांची प्रतवारी अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या ‘एसएई’ या संस्थेने १९११ मध्ये सुरू केली (पहा : श्यानता). ‘५डब्ल्यू-३०’ यातील पहिला आकडा थंडीतील प्रवाहीपणा, दुसरा १००° से. तापमानातील दाटपणा दाखवतो. तेल दाट असल्यास ते पंपाने ढकलण्यात व पिस्टन, बेअरिंग यांच्या घर्षणात अधिक शक्ती जाते. फार पातळ असल्यास तेलाचा पापुद्रा तुटून झीज होते (पहा : वंगण).

हिंगोली जिल्ह्यात उन्हाळी तापमान ४०° से.च्या वर जाते, म्हणून दाट तेलच बरे असा समज आढळतो. परंतु तापलेल्या एंजिनातील शीतक थर्मोस्टॅटमुळे बाहेर ऊन असो वा थंडी, साधारण ९०° से.च्या आसपास राहते. खरा फरक जानेवारीतील सकाळी, गाडी चालू करताना पडतो : तेव्हा तेल कित्येक पट घट्ट असते आणि बाजारापर्यंतच्या फेरीत ते पुरते तापतही नाही. शिफारशीपेक्षा दाट तेलाने इंधनक्षमता सुमारे १ ते २ टक्के घटते. लिटरला १८ किमी. धावणाऱ्या गाडीत १८० ते ३६० मी.