पडद्यावरची नदी आणि तिचा काठ

आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. ‘गंगेवर जाऊन येते’ म्हटलं की घरात कुणाला काशी आठवत नाही. त्यामुळे सिनेमातल्या नदीचा विषय निघाला की मी सुरुवात करते ती दादासाहेब फाळक्यांपासून. त्यांचा जन्म १८७० चा, तोही त्र्यंबकेश्वरचा, नदीच्या उगमापाशीच.

त्यांचा ‘कालिया मर्दन’ (१९१९) नाशिकच्याच हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीचा. कृष्ण झाली त्यांची लहानगी लेक मंदाकिनी. आधी ती पडद्यावर निरनिराळे हावभाव करून दाखवते, मग तिचाच कृष्ण होतो. पुढे पाण्याखाली नागाशी झुंज. ट्रिक सीन म्हणून या झुंजीचं कौतुक पुष्कळ झालं, पण मला त्याहून आवडतो तो यमुनेचा काठ. तळाशी झुंज चाललेली, आणि वर गोकुळातली माणसं ऊर बडवतायत. फाळके आपल्याला आलटूनपालटून दोन्ही दाखवतात. देव पाण्यात आणि माणसं काठावर, ही मांडणी त्यांनी तेव्हाच करून ठेवली होती.

पुढे वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, १९३७ मध्ये, त्यांनी कोल्हापूर सिनेटोनसाठी ‘गंगावतरण’ केला. बोलपट म्हणून त्यांनी केलेला हा एकच. कथाच अशी, की नदी आभाळातून उतरते. काठाला तिथे काय काम?

काठ खऱ्या अर्थाने पाहिला तो सत्यजित राय यांनी. ‘अपराजितो’त (१९५६) काशीच्या पायऱ्यांवर हरिहर कोसळतो, शेवटी त्याच्या ओठांना गंगेचं पाणी लागतं आणि कबुतरांचा थवा उठतो. ‘राम तेरी गंगा मैली’ (१९८५) मला भावला नाही. त्यातही नटी मंदाकिनीच, पण ते असो.

आमची गोदा मात्र थेट २०२१ मध्ये निखिल महाजन यांच्या ‘गोदावरी’त भेटली. जितेंद्र जोशींचा निशिकांत भाडी वसूल करत फिरतो आणि नदीवर चक्क चिडलेला असतो. नदीकाठी जन्म काढलेल्यांना हा राग नवा नाही. आमच्या घरातही श्राद्धाच्या दिवशी गंगेवरच्या गर्दीवरून कुरकुर चालते. महाजन यांना या चित्रपटासाठी मिळालेल्या राष्ट्रीय पुरस्कारापेक्षा मला हा राग मोलाचा वाटला.

आता पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की मोबाईलवर व्हिडिओ येऊ लागतात. त्यात कॅमेरा हलतो, मध्येच कुणाचा तरी अंगठा येतो. मी बघते ते एवढंच, की पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला आहे की छातीला; पुराचा अंदाज आम्ही त्यावरूनच बांधतो. नदीजवळच्या सराफ बाजारातल्या दुकानदारांनाही तेवढंच हवं असतं.