सामायिक नळ आणि आपली अक्षरे

लायब्ररी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पुस्तकांचे कपाट येते. संगणकातली लायब्ररी निराळी. अनेक प्रोग्रॅमना लागणारे एखादे काम सर्वांसाठी करून देणारा तो एक तुकडा असतो. चाळीतला सामायिक नळ म्हणा ना! नळ सुधारला की साऱ्या बिऱ्हाडांची सोय. पण तोटीच बदलली आणि तुमची रबरी नळी तिला बसेनाशी झाली, तर? देवनागरीच्या वाट्याला हे दोन्ही अनुभव आले आहेत.

सुरुवातीला नळ नव्हताच, ज्याची त्याची विहीर होती. आपल्या या कुवेतमध्ये मोहम्मद अल् शारिख यांनी १९८२ साली 'सख्र' सुरू केली. अरबी अक्षर शब्दात कुठे येते त्याप्रमाणे रूप बदलते आणि ओळ उजवीकडून चालते. 'सख्र'च्या घरगुती संगणकांत ही विद्या आतल्या चिपमध्येच भरलेली असे. (ऑगस्ट १९९० च्या आक्रमणानंतर कंपनीने आपले बिऱ्हाड कैरोला हलवले.) तिकडे भारतात आयआयटी कानपूर आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने 'जिस्ट' कार्ड आणले. ते संगणकात खोचले की डॉसवर मराठी उमटे. सुधारणा हवी असेल तर मात्र चिप किंवा कार्डच बदलायचे.

विंडोज २००० बरोबर चित्र पालटले. काना, मात्रा, जोडाक्षरे जुळवण्याचे काम 'युनिस्क्राइब' नावाच्या सामायिक लायब्ररीकडे गेले. अरबी आणि देवनागरी, दोन्ही एकाच नळावर! पण ऑफिसने याच फाइलची आपली वेगळी प्रत स्वतःच्या फोल्डरमध्ये आणली. परिणामी एकाच संगणकावर दोन आवृत्त्या. आमच्या घरी एका लेखातले 'वऱ्हाड' एका खिडकीत नीट दिसे आणि दुसऱ्या खिडकीत त्यातले अक्षर सुटून पडे. एका मित्राने नवी फाइल जुनीवर टाकून पाहिली, तर विंडोजने गुपचूप जुनीच परत आणून ठेवली! तेव्हा आम्ही चिडलो. आज वाटते, विंडोजचेच बरोबर होते. त्या एका फाइलवर किती प्रोग्रॅम विसंबून आहेत, हे आम्हाला कुठे ठाऊक होते?

लिनक्सवाल्यांनी यावर शिस्त बसवली. लायब्ररीच्या नावातच क्रमांक असतो. जुन्या प्रोग्रॅमना चालणार नाही असा बदल झाला की क्रमांक बदलतो, आणि जुनी-नवी लायब्ररी शेजारी शेजारी नांदू शकते. 'आयसीयू' ही जगभरच्या भाषांची लायब्ररी दर मोठ्या आवृत्तीला क्रमांक बदलते. मग तिच्यावर अवलंबून असलेली सगळी पॅकेजेस नव्याने बांधावी लागतात. काम किचकट खरे, पण नळी अचानक निसटत नाही.

आज फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड आणि २०१७ पासून सर्वत्र लिबरऑफिस 'हार्फबझ' वापरतात. नाव फारसी आहे. त्यातला 'हर्फ' म्हणजे अक्षर, हा इथल्या अरबीत रोज कानावर पडणारा शब्द.

याच नळाने आम्हाला नुकताच एक धडा दिला. 'अॅडमिशन'मधला पहिला स्वर पूर्वी आपण अ लिहून त्यावर चंद्र देऊन टाइप करत असू. २००८ साली युनिकोड ५.१ मध्ये त्यासाठी स्वतंत्र अक्षर आले. एकसारखे दिसणारे दोन लेखनप्रकार नकोत म्हणून जुनी जोडी अमान्य ठरली, आणि नव्या लायब्ररीत अ व चंद्र यांच्यामध्ये ठिपक्यांचे वर्तुळ उमटू लागले. फाइलमधले एक अक्षरही बदलले नव्हते. जुन्या स्मरणिकेचा एक लेख उघडला, तर डॉक्टर, बँक ठीक. पण अॅडमिशन, अॅसिडिटी, अॅल्युमिनियम या सगळ्यांच्या कपाळी वर्तुळ!

शोधा-आणि-बदला करून तो लेख दुरुस्त केला आहे. बाकीच्या अंकांच्या फाइली कुणाकुणाच्या जुन्या सीडींवर आहेत. ज्यांच्याकडे असतील त्यांनी कृपया संपादक समितीकडे आणून द्याव्यात, वर्तुळांसकट चालतील.