उद्यानातील कोर्ट आणि खेळाचे दार

बंगळूरच्या आग्नेयेस, आनेकल तालुक्यातील सर्जापूर या जुन्या गावाकडे जाणारा रस्ता गेल्या दोन दशकांत ओळखू येणार नाही इतका बदलला. शेते आणि तळ्यांच्या काठी संगणक कंपन्यांची कार्यालये व उत्तुंग निवासी संकुले उभी राहिली. महाराष्ट्रातील मराठी शाळांत शिकलेली कित्येक कुटुंबेही आज या परिसरात स्थिरावली आहेत. तेथील अनेक संकुलांत टेनिसचे कोर्ट असते, पण ते कुंपणाच्या आत. पहारेकऱ्याने नोंदवहीत नाव लिहून घेतल्याखेरीज बाहेरच्या मुलाला तेथे प्रवेश नाही. त्याच शहराच्या मध्यभागी, कबन पार्कच्या वृक्षराजीतही टेनिसची कोर्टे आहेत. या दोन जागांमधील अंतर केवळ मैलांचे नाही. हा खेळ कोणाचा, या प्रश्नाचा दीड शतकाचा इतिहास त्या अंतरात सामावला आहे.

कबन पार्कची आखणी १८७० साली म्हैसूर संस्थानचे मुख्य अभियंता रिचर्ड सँकी यांनी केली. आरंभी या उद्यानाला जॉन मीड यांचे नाव होते. पुढे १८३४ ते १८६१ या काळात म्हैसूरचे कमिशनर असलेले मार्क कबन यांचे नाव रूढ झाले. उद्यान उभे राहिले तेव्हा आजचे टेनिस जन्मालाही आले नव्हते. वॉल्टर विंगफील्ड यांनी आपल्या खेळाचे एकस्व १८७४ मध्ये घेतले आणि विम्बल्डनची पहिली स्पर्धा १८७७ मध्ये झाली. पण साम्राज्याच्या वाटांवरून हा खेळ झपाट्याने हिंदुस्थानातील छावण्यांत पोहोचला. हिरवळ, जाळे आणि चेंडू उचलणारी पोरे असा त्याचा थाट होता. चेंडू उचलणारा एतद्देशीय आणि खेळणारा साहेब, ही विभागणी कोणी लिहून ठेवलेली नसली तरी सर्वांना ठाऊक होती.

बहुतेक युरोपीय क्लबांची दारे हिंदी माणसाला बंद होती. त्यावर येथील सुशिक्षितांनी शोधलेला उपाय म्हणजे स्वतःच्या संस्था. कबन पार्कमध्येच मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या पुढाकाराने १९१७ साली सेंच्युरी क्लब स्थापन झाला. पुण्यात त्याआधीच, १९०६ मध्ये, डेक्कन जिमखाना सुरू झाला होता. याच जिमखान्याच्या १९१९ मधील मैदानी शर्यती अध्यक्षस्थानावरून पाहताना सर दोराबजी टाटा यांच्या मनात भारतीय खेळाडूंना ऑलिंपिकला पाठविण्याचा विचार पक्का झाला, आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय पथक गेले.

मराठी घरांतील टेनिसचा एक तेजस्वी धागा विद्वत्तेच्या परंपरेतून आलेला आहे. ‘वेदार्थयत्न’कार शंकर पांडुरंग पंडित यांच्या कन्या पंडिता क्षमा राव संस्कृत कवयित्री म्हणून प्रसिद्ध आहेत. त्या उत्तम टेनिसपटूही होत्या, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. त्यांची कन्या लीला राव हिने १९३४ साली विम्बल्डनमध्ये सामना जिंकला. असा विजय मिळविणारी ती पहिली भारतीय महिला. स्त्रियांनी मैदानात उतरणे हीच चर्चेची बाब होती, त्या काळातील ही कामगिरी आहे. पण या घराला शिक्षणाचे आणि साधनांचे पाठबळ होते. ज्यांना ते नव्हते, त्यांच्यासाठी दार अजून अर्धेच उघडले होते.

सांगलीचे नंदू नाटेकर प्रथम टेनिसच खेळत. राष्ट्रीय कुमार स्पर्धेच्या अंतिम फेरीत रामनाथन कृष्णन यांच्याकडून पराभूत झाल्यावर ते बॅडमिंटनकडे वळले आणि १९५६ मध्ये परदेशात विजेतेपद मिळविणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. घरातून निसटलेले टेनिस पुढच्या पिढीत परतले. त्यांचे पुत्र गौरव नाटेकर यांनी १९९४ च्या हिरोशिमा आशियाई क्रीडास्पर्धेत लिअँडर पेस यांच्यासह दुहेरीचे सुवर्णपदक मिळविले.

दाराच्या या कहाणीतील सर्वांत कठीण प्रसंग १९७४ चा. त्या वर्षी डेव्हिस चषकाच्या उपांत्य लढतीत भारताने सोव्हिएत संघाला ३–१ असे हरविले, तेही पुण्यात, डेक्कन जिमखान्याच्या हिरवळीवर. अंतिम लढतीत प्रतिस्पर्धी होता दक्षिण आफ्रिका. वर्णभेदाला राज्यधोरण मानणाऱ्या त्या देशाशी खेळण्यास भारताने नकार दिला आणि एकही चेंडू न टोलवता चषक दक्षिण आफ्रिकेकडे गेला. विजय व आनंद अमृतराज ऐन भरात होते. अशी संधी पुन्हा येईल याची शाश्वती नव्हती. १९८७ मध्ये भारत अंतिम फेरीत पोहोचला खरा, पण चषक आजवर हाती आलेला नाही. त्या नकाराची किंमत खेळाडूंनी मोजली, हे विसरता कामा नये. मात्र ज्या खेळाचे दार एकेकाळी आपल्याच लोकांना बंद होते, तो खेळ दुसऱ्या कोणाला दाराबाहेर उभे करणाऱ्यांशी खेळायचा नाही, हा त्यामागील अर्थही तितकाच मोलाचा आहे.

याच सुमारास अमेरिकेत आर्थर अ‍ॅश यांचे नाव गाजत होते. रिचमंड शहरातील कृष्णवर्णीयांसाठी राखलेल्या ब्रूक फील्ड या सार्वजनिक क्रीडांगणाची देखभाल त्यांचे वडील करीत. गोऱ्यांच्या उद्यानातील कोर्टांवर मज्जाव असलेला हा मुलगा वडिलांच्या क्रीडांगणावर खेळ शिकला आणि १९७५ मध्ये विम्बल्डनचा विजेता झाला. व्हीनस आणि सेरेना विल्यम्स या भगिनीही कॉम्प्टनमधील सार्वजनिक कोर्टांवरच घडल्या. मार्च २००८ मध्ये या दोघी बंगळूर ओपनच्या उपांत्य फेरीत समोरासमोर आल्या, त्या कबन पार्कमधील कर्नाटक राज्य लॉन टेनिस संघटनेच्या कोर्टावर. सामना आणि पुढे विजेतेपदही सेरेनाने जिंकले. साहेबांच्या काळात आखलेल्या उद्यानात, सार्वजनिक कोर्टांवर वाढलेल्या दोन कृष्णवर्णीय मुली पाहण्यासाठी शहर लोटले, हा इतिहासाने घेतलेला सुंदर वळसा म्हणावा लागेल.

हांगझोऊ येथे २०२३ मध्ये झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत कोडगूच्या रोहन बोपण्णा यांच्यासह महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसले हिने मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक पटकावले. अशा यशाचा आनंद मोठाच. पण त्याने मूळ प्रश्न मिटत नाही. रॅकेट, चेंडू, प्रशिक्षण आणि कोर्टाचे शुल्क यांमुळे टेनिस आजही महागडा खेळ आहे. पूर्वी दार रंगाने बंद होत असे, आज ते पैशाने आणि कुंपणाने बंद होते. सर्जापूर रोडवरील संकुलात भांडी घासणाऱ्या बाईंचा मुलगा जाळीबाहेरून चेंडूचा टप्पा पाहतो, तेव्हा तो दीडशे वर्षांपूर्वीच्या त्याच जागी उभा असतो.

म्हणूनच शहरातील उद्यान, तालुक्याचे क्रीडासंकुल आणि शाळेचे मैदान यांचे मोल केवळ मोकळ्या हवेपुरते नाही. शाळेच्या मैदानावर उतरताना मुलाला वडिलांचा हुद्दा विचारला जात नाही. साठ वर्षे हे मैदान राखणाऱ्या शाळेने आपल्या विद्यार्थ्यांना दिलेला हा धडा पुस्तकातल्या कोणत्याही धड्याहून लहान नाही. माजी विद्यार्थी ज्या ज्या शहरी वसले असतील, तेथील एखादे कुलूप त्यांच्या हातून उघडले, तर त्या धड्याचे सार्थक होईल.